पेटीची दोन भोके बुजविल्याबाबत

जबाब, दि. १२ ऑक्टोबर १९७८

मी, कुमारी गोपिका बळीराम सुखदेवे, वय तेवीस वर्षे, धंदा नोकरी, राहणार इंदोरा, जरीपटका रस्त्याजवळ, नागपूर, आज पोलीस ठाण्यात आपणहून हजर राहून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी आई, वडील व दोन धाकट्या भावांसह राहते. वडील कापडाच्या गिरणीत कामाला आहेत. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. रसायनशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. परवा याच ठाण्यात मला "बाईमाणसाला बॅटरीतलं काय कळतं" असे विचारले गेले, म्हणून ते लिहून घ्यावे.

मी ग्रामनेत्र सेवा मंडळ, धंतोली, या संस्थेत शिबिर सहायिका आहे. मंडळ खेड्यापाड्यांत डोळे तपासणीची शिबिरे भरवते. त्यासाठी एक जीप व तिला मागे जोडायचा ट्रेलर आहे. ट्रेलरमध्ये झोपायच्या दोन फळ्या, एक टेबल, पाण्याची टाकी व भिंगांच्या पेट्या आहेत. शिबिराच्या गावी मी व परिचारिका सिंधूताई ट्रेलरमध्ये झोपतो, पुरुष मंडळी तंबूत किंवा शाळेच्या ओसरीवर झोपतात. देवाजी नेवारे हे जीपचे ड्रायव्हर आहेत. ट्रेलरची देखभालही त्यांच्याकडेच आहे. मंडळाचे चिटणीस भैयाजी उमाळकर आहेत. मंडळातील सर्व कामे त्यांच्या सांगण्यावरून होतात.

डोळे तपासायला अंधार लागतो आणि त्या अंधारात एक चांगला दिवा लागतो. आमच्याकडे जुनी एकच बॅटरी होती. दुपार कलली की दिवा पिवळा पडायचा आणि रांगेतली म्हातारी माणसे तपासणीवाचून परत जायची. म्हणून पावसाळ्यात मंडळाने ट्रकच्या दोन मोठ्या बॅटऱ्या व एक चार्जर घेतला. बॅटऱ्या जरीपटक्यातील ताराचंद यांच्या दुकानातून आणल्या. आणायला मी व देवाजी गेलो होतो. त्या कुठे ठेवणार असे ताराचंद यांनी विचारले. झोपायच्या फळीखाली, असे मी सांगितले. ते म्हणाले, "बहनजी, बिस्तर के नीचे दो भैंसें बाँध रही हो. गोबर की नहीं, गैस की फिकर करो." देवाजी रस्ताभर हसत होते.

पहिल्या शिबिरात बॅटऱ्या फळीखाली तशाच उघड्या ठेवल्या होत्या. सकाळी सिंधूताईंच्या गोधडीला व माझ्या पातळाला बॅटरीतल्या तेजाबाने भोके पडलेली दिसली. घसा जळत होता. सिंधूताई म्हणाल्या, "खोकून खोकून जीव गेला वं माहा. आता पहिले आपलेच डोळे तपासून घे, मंग गावाचे." हे त्या हसत म्हणाल्या, पण त्यांचे डोळे खरोखर लाल झाले होते.

त्यानंतर मी भैयाजींकडे बॅटऱ्यांसाठी बंद पेटी मागितली. ती मिळाली, हे मी मान्य करते. इतवारीतील सुताराने सागवानी पेटी केली. ती आतून शिशाच्या पत्र्याने मढवली आणि सांधे डांबराने भरले. पेटी फळीखालीच बसवली, पण खोलीकडची बाजू पूर्ण बंद ठेवली आणि तिचे झाकण ट्रेलरच्या बाहेरून उघडेल असे केले. बॅटऱ्या रबरावर ठेवून पट्ट्याने आवळल्या, म्हणजे बैलगाडीच्या रस्त्यावर त्या सरकणार नाहीत. पेटीच्या बाहेरच्या बाजूला दोन भोके पाडली. एक खाली, हवा आत यायला. एक वर, झाकणाच्या जवळ, हवा बाहेर जायला. दोन्हींना जाळी लावली.

भोके कशासाठी, असे मला विचारले असता सांगते की, बॅटरी चार्ज होताना तिच्यातल्या पाण्याला बुडबुडे येतात. तो हायड्रोजन वायू असतो. तो हवेपेक्षा हलका असल्यामुळे वर साचतो आणि ज्योत मिळाली की भडकतो. कॉलेजात हे परीक्षानळीत दाखवतात. तोंडाशी काडी नेली की 'पट्' असा आवाज होतो आणि मुली हसतात. परीक्षानळी बोटाएवढी असते. आमची पेटी लग्नातल्या ट्रंकेएवढी आहे.

मी घाबरट आहे असे मंडळात सर्वजण म्हणतात व ते खरे आहे. चार्जर सुरू असताना मी भोकापाशी हात धरून हवा येते का ते पाहायची. देवाजी म्हणायचे, "बाई, तुम्ही तं त्या भोकाची नाडी पाह्यता." पण चार्जिंग लावताना ते झाकण उघडे ठेवायला कधी विसरले नाहीत. विसरले असते तर मी तेही सांगितले असते.

दसऱ्यानंतर नव्या शिबिरांचे उद्घाटन व्हायचे होते. बाहेरगावचे मोठे पाहुणे यायचे होते. त्यासाठी ट्रेलरला रंग देण्यात आला व बाजूवर मंडळाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहिण्यात आले. वरचे भोक नेमके 'सेवा' या शब्दात येत होते. भैयाजींनी रंगाऱ्याला सांगून दोन्ही भोके पुट्टीने बुजवून घेतली व त्यांवर रंग मारून घेतला. ते सांगत असताना मी तेथे नव्हते. परंतु दुसऱ्या दिवशी, भोके गेल्याचे मी पाहिल्यानंतर, त्यांनी स्वतः मला सांगितले, ते शब्द असे : "सेवेत भोक बरं दिसते का बाई?"

ही दुसऱ्या दिवसाची गोष्ट म्हणजे दिनांक १० ऑक्टोबर, मंगळवार, खंडेनवमी. त्या दिवशी मंडळात जीप, ट्रेलर व सर्व हत्यारा-अवजारांची पूजा असते. मला पूजेचे बोलावणे नव्हते व मी त्यासाठी गेलेही नव्हते. दसऱ्याला आम्ही घरची सर्व मंडळी दीक्षाभूमीवर जातो, म्हणून माझी रजा होती. रजेआधी भिंगे पुसून ठेवावीत म्हणून मी सकाळी नऊच्या सुमारास मंडळाच्या आवारात गेले. ट्रेलरच्या आतील दोन्ही फळ्या मी ओल्या फडक्याने पुसल्या.

नंतर बाहेर आले तेव्हा चार्जर सुरू होता आणि पेटीचे झाकण बंद होते. झाकणावर झेंडूचे हार घातले होते. पूजेच्या वेळी ट्रेलरमधील सर्व दिवे लखलखीत दिसावेत म्हणून भैयाजींनी आदल्या संध्याकाळपासून चार्जर लावून ठेवायला सांगितला होता, असे देवाजींनी मला सांगितले. झाकण का उघडले नाही असे मी विचारले. ते म्हणाले, "भैयाजी म्हणाले, हार पडते. मी म्हटलं, भोकं हायेतच."

मी भोकापाशी हात नेला तेव्हा भोक नव्हते. गुळगुळीत रंग होता. तेव्हा मला बुजवल्याचे समजले. देवाजींनाही तोपर्यंत माहीत नव्हते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटले. पुट्टी ओली होती. मी अंबाड्यातला आकडा काढून वरच्या भोकाच्या जागी टोचला. तो निम्मा आत गेला आणि जाळीत अडकला. इतक्यात भैयाजी आले. "काय करून राहिल्या बाई? कालच रंग देल्ला, अन् तुम्ही टोचून राहिल्या?" असे म्हणून त्यांनी माझा हात बाजूला केला. आकडा तेथेच राहिला. तो अजून तेथेच असला पाहिजे. पुढे स्फोट झाला त्यात पेटीचा तो भाग फुटलेला नाही. पंचनाम्यात आकड्याचा उल्लेख नाही. कृपया जाऊन पाहावे.

मी जाऊन चार्जरचे बटण बंद केले. भैयाजींना मी पुढील शब्द सांगितले व ते सर्वांसमोर सांगितले : "पूजा करू नका असे मी म्हणत नाही. आधी झाकण उघडा, हवा जाऊ द्या, पंख्याने वारा घाला. मग हळदकुंकू वाहा, फूल वाहा, नारळ फोडा. फक्त ज्योत जवळ आणू नका."

भैयाजी म्हणाले, "ज्योतीबिगर आरती? म्हणजे लगन लावा, पण नवरदेव नोका आणू." सर्वजण हसले. देवाजीही हसले.

मी पुन्हा तेच सांगितले. तेव्हा भैयाजी म्हणाले, "हे पहा सुखदेवे बाई, तुमच्यात हे चालत नाही ते मले माहीत आहे. आम्ही कधी काही म्हटलं? मंग आमच्या पूजेत तुमचं शास्त्र काहून घुसवता? मुहूर्त टळून राहिला."

यावर मी काय उत्तर दिले असे मला विचारले असता सांगते की, मी म्हटले, हा तुमच्या-आमच्याचा प्रश्न नाही, वायू कोणाची जात विचारत नाही. हे वाक्य मी बोलले, हे मी नाकारत नाही. त्यावर कोणी हसले नाही.

कोणीतरी चार्जर पुन्हा सुरू केला. कोणी, ते मी पाहिले नाही. ट्रेलरचे दिवे वाढले, म्हणून मला कळले. भैयाजींनी आरतीचे ताट हातात घेतले. ताटात निरांजन होते व कापूर पेटवलेला होता. जीपची आरती झाली, मग ते पेटीपाशी आले. नव्या बॅटऱ्यांना कुंकू लावायचे म्हणून त्यांनी देवाजींना झाकण उघडायला सांगितले. देवाजींनी हार उतरवला. झाकणाला हात घालण्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी मोठ्याने "नको" म्हटले. भैयाजी म्हणाले, "उचल गा देवाजी, कोणाकडे पाह्यतं?" देवाजी मला म्हणाले, "एका मिंटाचं काम आहे बाई. तुम्ही दूर व्हा." आणि त्यांनी झाकण उचलले. ताट त्या वेळी झाकणापासून हातभर अंतरावर होते.

आवाज लोखंडी पिंप वरून आदळल्यासारखा झाला. झाकण देवाजींच्या छातीवर आले. एक बॅटरी फुटली व तिच्यातील तेजाब देवाजींच्या चेहऱ्यावर, मानेवर व दोन्ही हातांवर उडाले. भैयाजींच्या हातातून ताट पडले. त्यांच्या उपरण्याला भोके पडली. त्यांना दुसरी इजा झाली नाही.

मी बादलीतले पाणी देवाजींच्या डोळ्यांत ओतत राहिले. पूजेसाठी आलेल्या सिंधूताईंनी त्यांचे डोके मांडीवर घेऊन बोटांनी पापण्या उघड्या धरल्या. खाण्याचा सोडा मी पेटीशेजारी नेहमी ठेवते. तो कालवून त्यांच्या हातांवर व सदऱ्यावर टाकला. डोळ्यांत टाकला नाही. डोळ्यांत फक्त पाणी टाकले. हे स्पष्ट लिहून घ्यावे, कारण "बाईनं सोडा टाकला म्हणून डोळे गेले" असे मंडळात बोलले जात असल्याचे मला सिंधूताईंकडून कळले. बोलणाऱ्याच्या तोंडून मी ते ऐकलेले नाही.

दवाखान्यात जाताना जीप भैयाजींनी चालवली. ते सारखे "देवाजी, बोल गा, बोलत राह्य" असे म्हणत होते. हे मी सांगते, कारण हेही खरे आहे.

दुपारी मी आवारात परत आले तेव्हा पेटीसमोरची जागा झाडून, सडा घालून ठेवलेली होती. आरतीचे ताट तेथे नव्हते. ट्रेलरमधील फळीवर बिड्यांचे एक बंडल व काडेपेटी मिळाल्याचे मला पोलिसांनी सांगितले. सकाळी पुसली तेव्हा त्या फळीवर काही नव्हते. देवाजी बिडी ओढतात काय, असे मला विचारले असता सांगते की, ते तंबाखू खातात. त्यांना बिडी ओढताना मी कधी पाहिलेले नाही. जन्मात कधी ओढलीच नसेल, असे मी शपथेवर सांगू शकत नाही. त्या वेळी त्यांच्या हातात बिडी नव्हती, हे सांगू शकते. त्यांचे दोन्ही हात झाकणाला होते.

त्याच दिवशी संध्याकाळी या ठाण्यात जमादार चंपतराव यांनी माझा जबाब घेतला. तो लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवला. त्यात असे लिहिले होते की, ड्रायव्हरने निष्काळजीपणे बिडी पेटवल्याने बॅटरीचा भडका उडाला व मी तो दुरून पाहिला. मी असे एक अक्षरही बोलले नव्हते. मी तो बरोबर नाही म्हणून सांगितले. जमादार म्हणाले, "पूजेनं स्फोट होते, हे कोण्या पुस्तकात लिहिलं हाय?" मी म्हटले, पूजेने झाला असे मी म्हटलेले नाही. बंद पेटीजवळ ज्योत नेल्याने झाला. ते म्हणाले, "एकच झालं ना बाई! अन् हे आता, मराठवाड्यात नामांतराचे दंगे झाले त्या या दिवसांत लिहिलं, तर उद्या पेपरात काय येईन? कोण बोललं, कोणत्या समाजाची, हे पहिले येईन. घरी जा, विचार करा." मी घरी गेले नाही. बाकावर बसून राहिले. रात्री वडील मला न्यायला आले तेव्हा गेले.

काल, दसऱ्याच्या सकाळी, आम्ही दीक्षाभूमीकडे निघण्याच्या बेतात असताना भैयाजी आमच्या घरी आले. आईने त्यांना चहा दिला. तो त्यांनी घेतला. ते वडिलांना म्हणाले, "बळीरामजी, पोरीले समजवा. शिकलेली आहे, पुढं जाईन, मंडळ काय आज आहे अन् उद्या नाही असं थोडंच आहे. देवाजीचं मंडळ पाहीन. पण पूजेचं नाव कागदावर नको." वडील म्हणाले, "मी तिथं नव्हतो साहेब. जे पाह्यलं ते तिनं पाह्यलं. आता तिच्या डोळ्यानं मी कसा सांगू?" भैयाजी उठून गेले. वडील सही करण्यापुरतेच अक्षर शिकलेले आहेत. त्यांनी माझ्या भावाकडून सायकल आणवली आणि मला दवाखान्यात सोडले. आई व भाऊ दीक्षाभूमीकडे गेले.

देवाजींच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत. उजवा डोळा वाचेल किंवा नाही हे डॉक्टर आठ दिवसांनी सांगणार आहेत. डाव्याबद्दल ते काही बोलत नाहीत. स्फोटामुळे देवाजींना कमी ऐकू येते. मी कोण आहे हे मला दोनदा ओरडून सांगावे लागले. ते म्हणाले, "बाई, आरती अर्धीच राह्यली का?" मी म्हटले, राहिली. ते म्हणाले, "माह्या हातून झाकण उचलल्या गेलं. माहीच चूक." त्यांची पत्नी प्रयागबाई पलंगाशेजारी बसल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, "सकाळी पोलीस येऊन गेले वं माय. ह्यायच्या आंगठ्याले शाई लावली, कागदावर टेकवला अन् गेले." कागदावर काय लिहिले आहे असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "मले वाचता येते का? अन् ह्यायले दिसते का?" कोणी वाचून दाखवले काय, असे विचारले. त्या म्हणाल्या, नाही. देवाजींच्या अंगठ्याची शाई तोपर्यंत निघालेली नव्हती. ती मी स्वतः पाहिली.

माझे म्हणणे असे की, देवाजी नेवारे यांनी झाकण उचलले ते हुकुमावरून उचलले. पेटीची भोके त्यांनी बुजवलेली नाहीत. चार्जर त्यांनी स्वतःच्या मनाने लावून ठेवलेला नाही. ज्योत त्यांनी आणलेली नाही. "माझी चूक" असे ते म्हणतात ते भल्या स्वभावामुळे म्हणतात. तो गुन्ह्याचा कबुलीजबाब धरू नये. माझी नोकरी राहील की जाईल हे मला माहीत नाही. त्याबद्दल मी येथे काही मागत नाही.

आज ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी माझा जबाब नव्याने घेण्यास सांगितले, म्हणून तो जमादार चंपतराव यांनीच, मी बोलले त्या शब्दांत, लिहून घेतला. तो मला वाचून दाखवण्यात आला. नंतर मी मागून घेऊन स्वतःही पहिल्या ओळीपासून वाचला. एका ठिकाणी 'ताट' ऐवजी 'दिवा' लिहिले गेले होते, ते माझ्यासमोर दुरुस्त केले. मी सांगितले तेच यात आहे, कमी नाही व जास्त नाही.

देवाजी नेवारे यांचा कागद मात्र त्यांना कोणीही वाचून दाखवलेला नाही. तो दवाखान्यात नेऊन, प्रयागबाईंसमोर, मोठ्या आवाजात, सावकाश वाचून दाखवावा, आणि त्यानंतरच अंगठा घ्यावा. दुसऱ्याच्या जबाबाचे बोलणे या जबाबात बसत नाही, ते गाळावे, असे मला सांगण्यात आले. मी गाळू दिले नाही. ते माझ्या सांगण्यावरून येथे लिहिले आहे व ते बरोबर आहे.

जबाब देणार,
गोपिका बळीराम सुखदेवे